पोटात टोचायचं अडालिमुमॅब : एका दूध लॅबवाल्याचा ११ महिन्यांचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगतो, ब्रँडचं नाव लिहिणार नाय. बायोसिमिलर आहे (मूळ औषधाची जवळपास तशीच नक्कल), आपल्याच देशात बनतं, औषधाचं खरं नाव अडालिमुमॅब, ४० मिलिग्रॅम, भरलेली सिरिंज येते आणि दर १४ दिवसांनी एक पोटात नायतर मांडीत टोचायची. माझ्या २२ टोचून झाल्यात, मध्ये दोन चुकल्या, त्याचं पुढं सांगतो. रेटिंग ५ पैकी ४. अर्धा स्टार किमतीमुळं कापला आणि अर्धा गंगावेशीतल्या दुधामुळं, तेही पुढं येतंय.

मी डॉक्टर नाय. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करून कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे, पहाटेची शिफ्ट, फॅट-एसएनएफ काढणं, टँकर पास-नापास करणं हे काम. त्यामुळं हे औषध मला जे समजलं ते दुधाच्या वाटेनं समजलं, आणि तसंच सांगणार.

आजार अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याला सूज येऊन तो आखडत जातो. नाव घेताना जीभ अडखळते म्हणून घरात 'मणक्याचं' एवढंच म्हणतात. वय ३१ होतं तेव्हा सुरू झालं. रात्री तीनला कंबर दुखून जाग यायची, उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं, परत आडवा झालो की परत तेच. सकाळी बूट घालायला वाकता यायचं नाय, तास-दीड तास अंग लाकडासारखं, आणि दहा वाजता क्रेट उचलताना मात्र काय नाय. म्हणजे बसलो की अडकायचा, हाललो की सुटायचा. हीच खरी खूण होती पण ती कुणी विचारलीच नाय, मीपण सांगितली नाय. गाडी चालवून गादी सरकली असेल म्हणून पट्टा लावला, बेडरेस्ट सांगितली (याच्यात बेडरेस्ट म्हणजे आगीत रॉकेल), एक्स-रे नॉर्मल, मग तेल, मग शेक, मग एका मामांनी सुचवलेला हाडवैद्य. दोन वर्षं अशीच गेली.

सुटका झाली ती डोळ्यामुळं. उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना, डोळे आले असतील म्हणून गेलो तर डोळ्याच्या डॉक्टरांनी मशीनमधून बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारला तर, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का?" मी बघतच राहिलो. डोळ्याच्या मधल्या थराला सूज होती, युव्हायटिस, आणि ती अन् कंबर एकाच घरचे. तिथनं रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टर, मॅडमकडं. एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेला जीन) पॉझिटिव्ह, एमआरआयमध्ये कमरेच्या खालच्या दोन सांध्यांत सूज, सीआरपी (रक्तातनं सूज मोजायचा आकडा) ३८. पाचच्या आत पाहिजे असतो. बी२७ पॉझिटिव्ह म्हणजे आजार होतोच असं नाय हेपण मॅडमनी तेव्हाच सांगितलं, ज्यांच्यात असतो त्यातल्या थोड्यांनाच होतो, म्हणून भावाबहिणींच्या टेस्ट करत सुटू नका. आईला तेवढ्यानं झोप लागली.

आधी गोळ्या झाल्या. एटोरिकॉक्सिब, नंतर नॅप्रोक्सेन. खरं सांगतो, पहिल्या महिन्यात वाटलं झालं आपलं काम, गोळी घेतली की तीन तासांत माणूस मोकळा. पण गोळी उतरली की सगळं जागच्या जागी, आणि पोटाची जळजळ वेगळी. चार महिन्यांनी मॅडम म्हणाल्या आता बायोलॉजिक, म्हणजे हे प्रथिनाचं इंजेक्शन, लावू. मी म्हटलं गोळीनं दुखायचं थांबतंय तर इंजेक्शन कशाला, एवढं महाग? त्यावर त्यांनी मला जे विचारलं ते अजून लक्षात आहे. "तुमच्या डेअरीला गायीची दगडी बघता ना तुम्ही?"

आता ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी, दगडी म्हणजे मस्टायटिस, कासेची सूज. कास दगडासारखी होते म्हणून दगडी. शेतकरी आण्णा काय करतात, कासेला हात लावून सांगतात: गरम लागतीय, लाल झालीय, फुगलीय, हात लावू देत नाय. रोमन काळात सेल्सस नावाच्या माणसानं सुजेची हीच चार लक्षणं लिहून ठेवलीत, लाली, फुगवटा, उष्णता, दुखणं. दोन हजार वर्षं झाली, यादी तीच आहे.

लॅबमध्ये आम्ही दगडीसाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) करतो. चार वाट्यांचं प्लास्टिकचं पॅडल, चार सडांचं दूध चार वाट्यांत, वरनं जांभळं रिएजंट घालायचं आणि हळूहळू गोल फिरवायचं. चांगलं दूध पाण्यासारखं फिरतं. दगडीचं दूध डोळ्यासमोर घट्ट होत जातं, मध्ये जेलीचा गोळा होतो आणि वाटी तिरकी केली की एकदम सांडतो. ती जेली म्हणजे काय, तर गायीच्या पांढऱ्या पेशी. रिएजंटमधला साबण त्यांचं आवरण फोडतो आणि आतला डीएनए बाहेर येऊन घट्ट होतो. चांगल्या दुधात एका मिलिलिटरला दोन लाखाच्या आत पेशी असतात आणि त्यात मॅक्रोफेज नावाच्या पेशी बऱ्यापैकी असतात, राखणीला ठेवलेल्या. दगडीत तो आकडा कुठल्या कुठं जातो आणि मग त्यात जवळपास सगळ्या न्यूट्रोफिल, जंतूशी लढायला रक्तातनं धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. हे मी शेकडो वेळा केलंय, रजिस्टरला 'प्लस दोन' 'प्लस तीन' लिहून पुढं गेलोय. मॅडमनी विचारलं, त्या एवढ्या पेशी त्या एकाच सडात आल्या कशा? बाकीच्या तीन सडांत का नाय गेल्या? पत्ता कुणी दिला?

कॉलेजमध्ये हे शिकलो होतो, पेपरात लिहिलंही होतं, पण असं कुणी विचारलं नव्हतं.

पत्ता राखणदारच देतो. कासेत बसलेली मॅक्रोफेज आणि कासेच्या आतल्या अस्तराच्या पेशी, यांच्या अंगावर टोल-लाइक रिसेप्टर असतात, ते जंतूच्या भिंतीचा तुकडा ओळखतात. हे शोधणाऱ्यांपैकी ब्रूस बॉयटलर आणि जुल्स हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं, हॉफमननी तर माशीवर काम केलं होतं. तर तुकडा ओळखला की पेशी निरोप सोडते. निरोप म्हणजे शब्दशः प्रथिनाचे बारीक कण, सायटोकाइन. मुख्य तीन: टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ (थोडक्यात आयएल-१), इंटरल्यूकिन-६ (आयएल-६). प्रत्येकाचा पत्ता वेगळा. टीएनएफ आणि आयएल-१ शेजारच्या रक्तवाहिनीला जाऊन सांगतात की भिंत सैल कर, आणि आतल्या बाजूला चिकट आकडे बाहेर काढ. मग रक्तातनं भरधाव चाललेली न्यूट्रोफिल त्या आकड्यांना अडखळत, घरंगळत हळू होते, थांबते, आणि भिंतीतल्या फटीतनं अंग चोरून बाहेर पडते. पुढं वास काढायला आयएल-८ असतो, जिकडं दाट तिकडं ती सरकते. म्हणून तोच सड. भिंत सैल म्हणून पाणी बाहेर, म्हणून फुगवटा. रक्त जास्त, म्हणून लाल आणि गरम. आयएल-६ मात्र लांबचा प्रवास करतो, रक्तातनं लिव्हरला जातो, आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. म्हणजे माझ्या रिपोर्टवर जो ३८ आकडा होता तो कमरेचा नव्हताच, लिव्हरनं निरोप मिळाल्याची दिलेली पोच होती ती.

हे ऐकल्यावर मला खरं तर आजारापेक्षा याचंच जास्त वाटलं. दहा वर्षं त्या पॅडलमध्ये जेली फिरवतोय.

आता गोळी आणि इंजेक्शनमधला फरक. गोळी काय करते, तर निरोप पोचल्यावर शेवटच्या टोकाला जी प्रोस्टाग्लँडिन तयार होतात ती थांबवते. दुखणं कमी, सूजपण थोडी कमी, पण वर निरोपानिरोपी चालूच. आणि टीएनएफची खोड अशी की तो ज्या पेशीला पोचतो तिच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचं बटण दाबलं जातं, आणि त्या बटणानं जे जे सुरू होतं त्यात परत टीएनएफ स्वतः आहे. एकानं हाक मारली, ऐकणाऱ्यानं तीच हाक पुढं मारली. त्यात टी-पेशी येतात, जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्याकडनं इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप मॅक्रोफेजकडं परत, की अजून जोर लाव. मॅक्रोफेजच्या भावकीतल्या डेंड्रिटिक पेशींकडनं आयएल-२३ जातो, त्यावर दुसऱ्या टी-पेशी आयएल-१७ सोडतात. दगडीत जंतू मेले की हे शांत होतं, थांबवायचे निरोपपण असतात, आयएल-१० वगैरे. माझ्या कमरेत जंतूच नाय. स्नायूबंध हाडाला जिथं चिकटतो तिथं हाकाटी चालू झाली आणि थांबायचं नाव नाय.

अडालिमुमॅब ही अँटिबॉडी आहे, आणि तिचं काम एकच. टीएनएफ दिसला की त्याला धरायचं. टीएनएफ आधी पेशीच्या अंगावरच चिकटलेला असतो, मग एक एन्झाइम कात्रीसारखं त्याला तोडून मोकळं करतं, आणि तो तीन-तीनच्या जुडीत फिरतो. ही अँटिबॉडी सुटलेल्याला पण धरते आणि पेशीवरच्याला पण. धरला की तो रिसेप्टरवर बसू शकत नाय, संपलं. निरोप्याला वाटेत अडवणं म्हणजे काय ते हेच. पांढऱ्या पेशी मारणारं हे औषध नव्हे, ही गैरसमजूत आमच्या गावात लई आहे ("रक्तातल्या पेशी मारायचं इंजेक्शन घेतोय पोरगं").

पण मला एक शंका होती, निरोप एवढे ढीगभर असताना एकच अडवून काय होणार, बाकीचे आहेतच की. ही शंका १९८० च्या दशकात मोठमोठ्यांना पण होती. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी (मैनींचा जन्म लुधियानाचा) यांच्या टीमनं संधिवाताच्या पेशंटच्या सांध्यातलं अस्तर काढून बशीत वाढवलं, त्यात हे सगळे निरोप आपोआप तयार होत होते, आणि मग त्यात फक्त टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी टाकली. तर आयएल-१ पण पडला. म्हणजे हे सगळे एका ओळीत उभे नव्हते, टीएनएफ वरच्या पायरीवर होता. ते १९८९. १९९२ ला लंडनच्याच चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा संधिवाताच्या पेशंटला दिलं, ते औषध इन्फ्लिक्सिमॅब, त्यात थोडा भाग उंदराचा होता. अडालिमुमॅब पूर्ण माणसाच्या धर्तीची, अमेरिकेत २००२ च्या अखेरीस मंजूर झाली, मणक्याच्या आजारासाठी २००६ ला. आपल्याकडं झायडस कॅडिलानं डिसेंबर २०१४ मध्ये याचं बायोसिमिलर आणलं, जगात पहिलं. ते आलं नसतं तर माझ्यासारख्याचा हा रिव्ह्यू लिहायचा प्रश्नच नव्हता.

एक आकडा मुद्दाम देतो कारण इंजेक्शन म्हणजे जादू असं समजून येणारे पण असतात. मणक्याच्या आजारावरच्या ३१५ लोकांच्या ट्रायलमध्ये १२ आठवड्यांनी ठरलेल्या मापानं फरक पडलेले इंजेक्शनवाल्यांत ५८ टक्के होते, नुसतं पाणी टोचलेल्यांत २१. म्हणजे दहातल्या चौघांना तेवढा पण फरक नाय. मॅडमनी हे आधीच सांगितलं, तीन महिने द्या, नाय जमलं तर आयएल-१७ अडवणारं बघू.

इंजेक्शनच्या आधीचा भाग कुणी सांगत नाय म्हणून तो जरा सविस्तर. टीबीची टेस्ट. छातीचा एक्स-रे आणि इग्रा नावाची रक्ताची टेस्ट. माझं रक्त चार छोट्या नळ्यांत घेतलं, चार वेगवेगळ्या रंगांची टोपणं, राखाडी, हिरवं, पिवळं, जांभळं. लॅबवाला असल्यानं मी विचारलंच. राखाडी रिकामी, तुलनेला. हिरव्या-पिवळ्यात टीबीच्या जंतूच्या प्रथिनाचे तुकडे आधीच लावलेले. जांभळ्यात टी-पेशींना नुसतंच डिवचणारं रसायन, त्या जिवंत आहेत ना बघायला. नळ्या हलवून ३७ डिग्रीला रात्रभर ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजायचा काय, तर इंटरफेरॉन-गॅमा. म्हणजे टीबीचा जंतू मोजतच नाहीत. माझ्या टी-पेशींची टीबीशी आधी कधी ओळख झालीय का, तुकडा दिसल्यावर त्या ओरडतात का, एवढंच बघतात. पेशींचं बोलणं नळीत पकडून आकडा लावायचा, मला ही टेस्ट लई आवडली.

माझ्या पेशी ओरडल्या. पॉझिटिव्ह. आजोबांना टीबी होता, मी लहान असताना त्यांच्याच अंथरुणात झोपायचो, तेव्हाचं असणार. एक्स-रे साफ, म्हणजे आजार नाय, जंतू झोपलेला. आणि तो झोपलाय कशामुळं, तर मॅक्रोफेजनी त्याच्याभोवती गराडा घातलाय, आणि तो गराडा टिकवायचा निरोप कोण देतं? टीएनएफच. जो निरोप माझ्या कमरेत नको तोच छातीत पाहिजे. औषधाला तर कंबर आणि छाती कळत नाय, ते सगळीकडचाच निरोप अडवणार. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत टीबी उसळल्याच्या केसेस छापून आल्या तेव्हापासून ही टेस्ट आधी करतात, आणि आपल्या देशात तर ती टाळून चालणारच नाय. मला आठवड्यातून एकदा अशा १२ आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, आयसोनायाझिड आणि रिफापेंटिन, लघवी केशरी होते, घाबरू नका, आणि एक महिना झाल्यावर पहिलं इंजेक्शन. तो एक महिना कंबर तशीच. सगळ्यात वाईट महिना तोच.

आता प्रत्यक्ष वापर. पहिलं मॅडमच्या सिस्टरनी टोचून दाखवलं, दुसरं मी त्यांच्यासमोर. सिरिंज फ्रिजमधनं काढून अर्धा तास बाहेर ठेवायची, थेट गार टोचली की जास्त चुरचुरतं. बेंबीपासनं दोन इंच लांब, चिमटीत कातडी धरायची, तिरकी सुई, हळूहळू दाबायचं. सुई काय वाटत नाय, औषध आत जाताना मात्र गांधीलमाशी चावल्यासारखी आग, दहा-पंधरा सेकंद. तो सायट्रेटचा गुण आहे म्हणतात, सायट्रेट नसलेले पण प्रकार मिळतात, पुढच्या वेळी विचारणार. नंतर तिथं दोन दिवस रुपयाएवढा लाल गोल उठतो आणि खाजतो. लाल, गरम, फुगलेला. सेल्ससची यादी माझ्या पोटावर. सूज थांबवायच्या औषधानं केलेली सूज, आई म्हणाली, "मग उपेग काय रं त्याचा?"

उपेग असा झाला. पहिल्या इंजेक्शननंतर काय नाय. दुसऱ्यानंतर पाचव्या दिवशी मी तीनला उठलोच नाय. साडेचारचा गजर झाला आणि मला वाटलं मोबाइल बिघडला. उठून बूट घातले, उभ्यानं वाकून. बायको झोपेत म्हणाली, कोण आहे. अडीच महिन्यांनी सीआरपी ३८ चा ४ झाला आणि डोळा तेव्हापासनं एकदाही लाल नाय. गोळी आता महिन्यातनं दोन-तीनदा. वाकल्यावर बोटं जमिनीपासनं एक वीत लांब राहायची, आता चार बोटं राहतात. जे आधीच आखडून बसलंय ते इंजेक्शननं सुटत नाय, त्याला व्यायामच, रोज अर्धा तास, इथं सूट नाय.

तोटे. तेराव्या-चौदाव्या दिवशी सकाळी थोडं आखडतं, औषध उतरत आलेलं असतं. दोन डोस चुकले ते एकदा तापामुळं आणि एकदा दाढेला पू झाला म्हणून, इन्फेक्शन असताना टोचायचं नाय, मॅडमना फोन करून विचारायचं. सर्दी-खोकला आधीपेक्षा जास्त दिवस रेंगाळतो. जिवंत जंतूच्या लसी चालत नाहीत. आणि शरीर या अँटिबॉडीच्याच विरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं, मग औषधाचा उपयोग कमी होत जातो, ते माझं अजून तरी झालेलं नाय पण डोक्यात असतंय.

आणि दूध. कच्चं दूध बंद. मी डेअरीवाला. कोल्हापूरकरांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो, गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाचा ग्लास हातात देतात, धारोष्ण. शाळेत असल्यापासनं प्यायलोय. कच्च्या दुधातनं लिस्टेरिया, ब्रुसेला येऊ शकतात, आणि त्यांना आवरायला जी पेशींची निरोपानिरोपी लागते तीच मी दर १४ दिवसांनी दाबतोय. आम्ही स्वतः रोज पाश्चरायझरचा चार्ट बघतो, सगळं माहीत आहे, तरी मॅडमनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आठवड्यातनं एकदा? त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडं. आता मित्र पितात, मी बिनसाखरेचा चहा घेऊन कट्ट्यावर बसतो. अर्धा स्टार तिथं गेला.

किंमत. महिन्याला दोन सिरिंजा म्हणजे हातात येणाऱ्या पगाराच्या पावहिश्श्याहून जास्त, डिस्काउंट धरून. छापील किंमत बघून दचकू नका, ती कुणीच देत नाय, डॉक्टरांकडनं कंपनीच्या पेशंट प्रोग्रामचा फॉर्म भरा आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, एकाच औषधाला प्रत्येकानं वेगळा आकडा सांगितला मला. मेडिक्लेमवाल्यांनी क्लेम नाकारला, घरी टोचलं म्हणजे ॲडमिट नाय म्हणून. दोनदा अपील केलं, दोनदा तेच पत्र, फक्त तारीख बदललेली.

खरेदीचा एक किस्सा, कुणाचं नाव घेत नाय. एकदा ऑनलाइन स्वस्त मिळालं म्हणून मागवलं. मे महिना. डबा आला तो थर्माकोलचा, वर 'कोल्ड चेन' स्टिकर, उघडला तर जेल पॅक पूर्ण पातळ आणि कोमट. आम्ही बल्क कूलरला चार डिग्रीच्या वर दूध दिसलं तर चौकशी लावतो, आणि हे औषध २ ते ८ डिग्रीत पाहिजे. लॅबचा थर्मामीटर नेमका बॅगेत होता, डब्यात ठेवला, २९. फोटो काढला आणि घ्यायला नकार दिला. डिलिव्हरीवाला पोरगा म्हणाला, "दादा, फ्रिजमध्ये ठेवलं की होईल की गार." गार होईल रे, पण प्रथिन आहे ते, एकदा घडी बिघडली की टीएनएफ धरणार कशानं? नासलेलं दूध फ्रिजात ठेवून चांगलं होतंय का? पैसे परत यायला २३ दिवस आणि अकरा फोन. तेव्हापासनं शहरातल्या एकाच मेडिकलमधनं घेतो, स्वतःची बर्फाची पेटी घेऊन जातो, लस न्यायला आशाताई वापरतात तसली. मेडिकलवाले हसतात.

गोठवायचं पण नाय, हे लक्षात ठेवा. आमच्या जुन्या फ्रिजची मागची भिंत बर्फ धरते, तिथं चिकटून सिरिंज ठेवली तर गेली. आणि दारात ठेवलं तर दिवसातनं पन्नास वेळा दार उघडतं. मधला कप्पा, पुढच्या बाजूला, स्टीलच्या डब्यात. डब्यावर मी 'औषध' लिहिलं होतं तरी आईनं दोनदा त्याच्यावर साय ठेवली, आता चिठ्ठी बदललीय, 'दूध नाय' असं लिहिलंय, तेवढं चालतंय. पुढचं मंगळवारी आहे, डावी बाजू.